अल्बेनियाचा जुना कानुन आणि नवरा-बायकोची प्रॉपर्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्बेनिया म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना मदर तेरेसा अल्बेनियन होत्या एवढंच आठवतं, आणि ज्यांनी थोडं जास्त वाचलंय त्यांना तो खुनाचा बदला खुनाने घेणारा कानुन. पण त्याच कानुनमध्ये सोयरीक, वारसा, विधवा, घरातलं पीठमीठ कोणाच्या ताब्यात, यावरही बारीक बारीक कलमं आहेत. त्याबद्दल जे प्रश्न नेहमी येतात ते इथे एकत्र केलेत.

हा कानुन म्हणजे नक्की काय? सरकारी कायदा होता का?

नाही. उत्तर अल्बेनियाच्या डोंगरात आणि आजच्या कोसोवोत शेकडो वर्षं तोंडी चालत आलेला रिवाज. ऑटोमन सुलतानाचं राज्य होतं खरं, पण त्या डोंगरात त्याचा अंमल नावापुरता, आणि भांडणं मिटवायची ती गावच्या म्हाताऱ्यांनी, याच रिवाजाप्रमाणे. नाव लेक दुकाग्यिनी या १५व्या शतकातल्या सरदाराचं, तो स्कंदरबेगच्या, म्हणजे ऑटोमनांशी लढलेल्या अल्बेनियन वीराच्या, काळातला, पण त्याने बसून कायदा लिहिला असं काही नाही, त्याच्या नावाने तो ओळखला जातो एवढंच. लिहून काढायचं काम केलं श्त्येफन ग्येचोवी नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने, गावोगाव फिरून, लोकांना विचारून. १९१३ पासून ते एका मासिकात तुकड्या-तुकड्याने छापून यायला लागलं. १९२९ मध्ये ग्येचोवींचा खून झाला आणि पूर्ण पुस्तक त्यांच्या मागे १९३३ मध्ये श्कोडर शहरात निघालं. १२ भाग, १२६३ कलमं. खाली मी कानुन म्हणतोय तो हाच, बाकी स्कंदरबेगच्या नावाचा वेगळा आहे, दक्षिणेत लाबेरियाचा वेगळा आहे.

मग लग्नानंतर प्रॉपर्टी दोघांची व्हायची का?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो, कारण आपण आजचा प्रश्न तिकडे नेऊन ठेवतो. दोघांची सोडा, ती नवऱ्याचीसुद्धा नव्हती! जमीन, गुरं, घर, सगळं "घराचं". घर म्हणजे बाप, त्याचे भाऊ, मुलं, पुतणे, सुना, कधी कधी एका छपराखाली चाळीस-पन्नास माणसं, आणि वर एक कर्ता. कोणी बाहेर जाऊन चार पैसे कमावले तरी ते कर्त्याच्या हातात. विकायचं काय, घ्यायचं काय, सोयरीक कुठे करायची, सगळं तो ठरवणार. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबाची कल्पना डोक्यात ठेवा, चित्र बरंचसं जुळतं.

आता फरक बघा. त्या घरात जन्मलेला प्रत्येक मुलगा आज ना उद्या वाटणीचा हकदार, कारण तो त्या रक्ताचा. सून त्या रक्ताची नाही, म्हणून तिला वाटणी नाही. आणि मुलगी त्या रक्ताची असली तरी ती जाणार दुसऱ्याच्या घरी, म्हणून तिलाही नाही. म्हणजे बाई दोन घरांच्या मधे उभी आणि दोन्हीकडच्या हिशोबात तिचं खातंच नाही. या विषयातलं निम्म्याहून जास्त काही एवढ्या एका गोष्टीवरून समजतं, पुढची उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवा.

म्हणजे बायकांच्या हातात काहीच नव्हतं?

मालकी नव्हती, ताबा थोडा होता. कर्त्यासारखीच घरात एक कर्ती बाई असायची, आणि ती कर्त्याचीच बायको असली पाहिजे असं काही नाही. दूधदुभतं, पीठ, मीठ, चीज, लोणी हा सगळा तिचा कारभार. शेजाऱ्याला पीठमीठ उसनं द्यायचं, आणायचं, कोणत्या सुनेने पाण्याला जायचं, कोणी लाकडं आणायची, भाकरी कोण भाजणार, सगळं ती सांगणार, आणि त्यात पुरुषांनी नाक खुपसायचं नाही. पण चीज दिलं म्हणून ज्या मेंढीचं चीज ती मेंढी तिला देता येत नव्हती.

नवऱ्यावर मात्र एक जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे, बायकोचे कपडे, पायातलं, आणि जगायला लागेल ते सगळं त्याने बघायचं. तिच्या बाजूच्या कामांची यादी अर्थातच लांबलचक आहे. आणि तिच्यात एक ओळ अशी की मुलामुलींच्या सोयरिकीत तिने पडायचं नाही. स्वतःच्या पोटच्या पोरांच्या!

हुंडा कोण कोणाला द्यायचं?

आपल्या उलट. मुलाकडचे मुलीच्या बापाला पैसे द्यायचे. आधी मध्यस्थ जायचा, मग सोयरीक ठरल्याची खूण म्हणून अंगठी आणि थोडे पैसे, आणि ही खूण एकदा घेतली की मुलगी बांधली गेली. पाळण्यातल्या पोरींच्या सोयरिकी व्हायच्या, कधी कधी जन्माच्याही आधी. मुलीच्या आईबापाने तिला सामान द्यायची सक्ती नाही, ज्याने सोयरीक केली त्याने तिचं बघावं असाच कानुनचा कल.

मुलाने सोयरीक मोडली तर दिलेली खूण आणि पैसे बुडाले, बस्स, विषय संपला. मुलीने मोडायचं म्हटलं तर तिला ते करताच येत नव्हतं. तिच्या घरच्यांनी तिची बाजू घेऊन दुसरीकडे दिली तर सरळ दोन घरांत रक्ताचं वैर, आणि ते एकदा लागलं की पिढ्यान्‌पिढ्या निस्तरत बसायचं.

म्हणजे बायको विकतच घेतली की!

बाहेरून गेलेल्या लोकांनी तसंच लिहिलंय. पण कानुनचा हिशोब थोडा वेगळा आहे आणि माझ्या मते पूर्ण विषयातली सगळ्यात विचित्र गोष्ट हीच. नवऱ्याच्या घराला मिळायचे तिचे कष्ट आणि तिची मुलं. तिचा जीव मात्र माहेरचाच राहायचा. नवऱ्याने विनाकारण तिला मारून टाकलं तर खुनाचा बदला घ्यायचा हक्क तिच्या बापाचा आणि भावांचा, आणि जावई त्यांचा रक्ताचा देणेकरी. मारहाण करायला कानुन नवऱ्याला परवानगी देतो, हे लपवण्यात अर्थ नाही, पण रक्त निघेपर्यंत मारलं आणि तिने माहेरी सांगितलं तर त्याला जाब द्यावा लागायचा.

थोडक्यात माहेरची माणसं तिच्यासाठी बंदूक उचलतील पण एक वाफा लिहून देणार नाहीत. कानुनचंच एक वाक्य लोक नेहमी सांगतात की बाई म्हणजे ओझं वाहायची पखाल. ते वाचून राग येतो, आलाच पाहिजे, पण नुसतं तेवढंच सांगून थांबलं की जीव एकाकडे आणि कष्ट दुसऱ्याकडे ही जी विभागणी आहे ती सुटून जाते.

नवरीच्या पेटीत बंदुकीची गोळी ठेवायचे हे खरं आहे का?

कानुनमध्ये हे आहे. मुलीसोबत माहेरून एक काडतूस यायचं. अर्थ असा की दोन गोष्टींसाठी, व्यभिचार आणि घरी आलेल्या पाहुण्याशी दगाफटका, नवरा तिला गोळी घालू शकतो आणि त्याच्यावर रक्ताचं देणं चढणार नाही, कारण गोळी तिच्याच बापाने दिलेली. वर म्हटलं ना की जीव माहेरचा, त्याचीच ही दुसरी बाजू, जीव त्यांचा म्हणून तो घ्यायची परवानगीसुद्धा त्यांनीच द्यायची. कपडे, विणलेले मोजे, ओढण्या, आणि त्यांच्यासोबत ते पितळी काडतूस. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

तिसरी गोष्ट चोरी. त्याला गोळी नाही, तिच्या कपड्याची झालर कापून तिला घराबाहेर काढायचं. ज्या घरात तिच्या नावावर काहीच नाही त्याच घरातलं काही उचललं की ती चोर, हे त्यातलं खास.

तिचं स्वतःचं असं काय मग?

तिची पेटी. अंगावरचे कपडे, दागिने, स्वतः कातलेलं, विणलेलं, भरतकाम केलेलं. उत्तरेच्या डोंगरातल्या बायकांचा झुब्लेता नावाचा घंटेच्या आकाराचा लोकरी पोशाख फोटोत बघा, वर पट्ट्यांवर पट्टे शिवत नेलेले, वजनदार, महिनोन्‌महिने हाताने केलेलं काम. २०२२ मध्ये युनेस्कोने त्याची कला तातडीने जपायच्या यादीत घेतली. आता तो म्युझियममध्ये काचेमागे असतो, पण त्या काळी डोंगरातल्या बाईची "मालमत्ता" म्हणून दाखवता येईल असं तेवढंच.

माहेरच्या इस्टेटीत मुलीला काय मिळायचं?

काही नाही. कानुन वारस म्हणून मुलालाच ओळखतो. नात्यांची दोन झाडं मानतात, बापाकडचं ते रक्ताचं झाड आणि आईकडचं ते दुधाचं झाड, आणि जमीन फक्त रक्ताच्या झाडावरून खाली येते.

कारणंसुद्धा लिहून ठेवलीत, जे अशा जुन्या रिवाजांत फार कमी दिसतं. एक म्हणजे मुलीला दिलं तर तिची पोरं निपुत्रिक मामाच्या घरात येऊन ठाण मांडतील. दुसरं, निपुत्रिक नवऱ्याच्या मागे बायकोला दिलं तर तिच्या माहेरचे लोक त्या घरात घुसतील. तिसरं, घराणी एकमेकांत मिसळतील. भीती सगळी जमीन कुळाबाहेर जायची. डोंगरात कसायची जमीन मुळात हाताच्या पंजाएवढी, आणि शेजारचं कुळ म्हणजे उद्याचा शत्रू असू शकतो, अशा ठिकाणी ही भीती समजते तरी, पण त्याची किंमत पूर्ण एका बाजूने वसूल केली. घरजावई तिकडेही असायचे आणि त्यांची खिल्ली तिकडेही उडवली जायची.

मुलगाच नसेल तर?

सगळ्यात जवळच्या पुरुष नातेवाइकाला. भाऊ, पुतण्या, चुलत, तेही नसेल तर कुळातलाच आणखी लांबचा. मुलींना लग्न होईपर्यंत सांभाळायचं आणि उजवायचं काम त्या वारसाच्या गळ्यात.

नवरा गेल्यावर विधवेचं काय व्हायचं?

मुलगे असतील तर तिचं बस्तान बरं, मुलांच्या घरात, मुलांच्या जमिनीवर, आणि म्हातारपणी कदाचित कर्ती बाईसुद्धा. मुलगा नसेल तर दिराच्या किंवा पुतण्याच्या भाकरीवर राहायचं नाहीतर माहेरी परत. माहेरी गेली तर मुलं इथेच ठेवायची, मुलं घराची. काही ठिकाणी विधवेने दिराशीच संसार करायचा अशी रीत होती, एडिथ डरहॅम ही ब्रिटिश बाई १९०८ मध्ये घोड्यावरून आणि पायी त्या डोंगरात हिंडली तेव्हा तिने हे नोंदवून ठेवलंय, आणि चर्च त्यावर खूप चिडायचं हेही. पण पाद्री चार दिवसांनी निघून जायचा आणि दीर घरातच असायचा.

पुरुषांसारखं राहणाऱ्या बायकांचे फोटो बघितलेत, त्यांचा याच्याशी काय संबंध?

बुर्नेशा. संबंध सरळ प्रॉपर्टीचा आहे, फोटोंच्या नादात तो भाग मागे पडतो. आयुष्यभर लग्न करणार नाही अशी शपथ मोठ्या माणसांसमोर घ्यायची, मग पुरुषाचे कपडे, बंदूक, तंबाखू, राकी म्हणजे तिकडची दारू, पुरुषांच्या पंगतीत बसायचं, आणि मुख्य म्हणजे घराचा कर्ता होता येतं. ज्या घरात मुलगा नाही किंवा सगळे पुरुष वैरात मारले गेले तिथे एखादी मुलगी ही शपथ घ्यायची. दुसरं कारण नको असलेली सोयरीक, कारण कोणाशीच लग्न करणार नाही म्हटल्यावर पलीकडच्या घराचा अपमान होत नाही आणि रक्तपात टळतो.

याकडे स्वातंत्र्य म्हणून बघणारे आहेत, आणि काही बुर्नेशांनी मुलाखतींत तसं म्हटलंही आहे, ते त्यांचं खरं. पण कानुनचं यात काही गेलं का? तिला मूल होणार नाही, म्हणजे तिच्या मागे जमीन परत कुळातल्या पुरुषांकडेच. एका पिढीपुरती जागा भरून निघाली, नियम तिथल्या तिथे. आता अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, बहुतेक ट्रोपोया आणि श्कोडरच्या बाजूला, सगळ्या वयस्कर.

मुस्लिम घरांत तरी शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळत असेल ना?

कागदावर हो. डोंगरात कॅथलिक आणि मुस्लिम दोन्ही घरं एकाच कानुनवर चालायची, आणि जमिनीचा विषय आला की धर्म बाजूला. शहरांत ऑटोमन कोर्टं होती तिथे गोष्ट वेगळी.

सरकारने हे कधी बंद केलं?

पहिला मोठा प्रयत्न राजा झोगचा, तो स्वतः मात नावाच्या, असेच जुने रिवाज पाळणाऱ्या डोंगरी भागातला. त्याचा सिव्हिल कोड १९२९ पासून लागू झाला, युरोपियन पद्धतीचा, सिव्हिल मॅरेज सक्तीचं, एकापेक्षा जास्त बायका बंद. राजधानी तिरानात ठीक होतं, वर डोंगरात कोण विचारतो.

मग १९४४ नंतर कम्युनिस्ट आले. १९४६ च्या घटनेत बाई-पुरुष समान, मुलीचे पैसे घेण्यावर बंदी, पाळण्यातल्या सोयरिकी बंद, आणि कम्युनिस्टांचा हुकूमशहा एन्वर होजा १९६७ मध्ये बायकांच्या हक्कांवर फार मोठ्या गर्जना करत होता. त्याच सुमाराला डोंगरातली शेवटची शेती सहकारी झाली. आता गंमत बघा, समान हक्क दिला तेव्हा वाटून घ्यायला जमीनच शिल्लक ठेवली नाही, सगळी सरकारची. बायका शाळेत गेल्या, नोकरीला लागल्या, हे झालं आणि ते मोठं होतं, पण मुलीला बापाच्या जमिनीत वाटा द्यायची सवय त्या ४५ वर्षांत कोणाला लागायचा प्रश्नच नव्हता.

१९९१ नंतर जमीन परत मिळाली तेव्हा बायकांना मिळाली का?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि आजच्या भांडणांचं मूळ इथे आहे. जुलै १९९१ चा ७५०१ नंबरचा जमीन कायदा. सहकारी शेतीची जमीन कुटुंबांना वाटायची, घरात माणसं किती त्या हिशोबाने, म्हणजे सून, मुलगी, आजी सगळ्या मोजल्या गेल्या. चांगलं ना? पण कागद निघाला कुटुंबप्रमुखाच्या नावाने, आणि प्रमुख म्हणजे सासरा नाहीतर नवरा. डोकी मोजताना बाई, नाव लिहिताना बाप्या. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हिस्सा त्या कागदात कुठेतरी आहे, पण तो वेगळा काढून मागायला गेलं की भावाशी वैर.

आणि उत्तरेच्या बऱ्याच गावांनी तर हा कायदा धाब्यावर बसवला आणि सहकारी शेतीच्या आधी आजोबा-पणजोबांच्या ज्या हद्दी होत्या त्याप्रमाणे जमिनी परत घेतल्या. कुठल्या दगडापासून कुठल्या अक्रोडापर्यंत कोणाचं, हे म्हाताऱ्यांना पाठ होतं. आणि त्या जुन्या हद्दी कोणत्या नियमाने पडलेल्या हे वर आलंच आहे.

आज अल्बेनियात कायदा काय म्हणतो?

कायदा एकदम साफ आहे. २००३ च्या फॅमिली कोडप्रमाणे वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर कमावलेलं दोघांचं, निम्मं-निम्मं, घरी बसून संसार केला तरी. लग्नाआधीचं, आणि वारशाने किंवा भेट म्हणून आलेलं ज्याचं त्याचं. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून नवरा-बायकोची संपत्ती सामाईक धरतात, साधारण त्या जातीची ही व्यवस्था, फक्त गोव्यात लग्नाआधीचंही सामाईकात येतं, गोव्याचे वाचक पटकन समजतील. महाराष्ट्रात मात्र आपल्याला घटस्फोट म्हटलं की पोटगी आठवते, निम्मं घर आठवत नाही.

वारसा १९९४ च्या सिव्हिल कोडप्रमाणे, जोडीदार आणि मुलं-मुली सगळ्यांना समान. समजा लग्नानंतर घेतलेला फ्लॅट, नवरा मृत्युपत्र न करता गेला, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. आधी निम्मा फ्लॅट बायकोचाच, तो वारशात येतच नाही. उरलेल्या निम्म्याचे चार भाग, म्हणजे प्रत्येकाला एक अष्टमांश, आणि बायकोचा एकूण पाच अष्टमांश. कानुनच्या हिशोबाने याच बाईला शून्य, मुलीला शून्य.

कोर्टात कोणी कानुन दाखवून जमीन मागू शकतं का?

नाही, कोर्ट तो मानत नाही. कानुन चालतो तो कोर्टाच्या बाहेर, जेवणाच्या टेबलावर.

मग अडतं कुठे? आणि कोसोवोतही असंच का?

कोसोवोत २००४ पासून फॅमिली आणि वारसा दोन्ही कायदे समानतेचे आहेत, आणि तिथेच हे सगळ्यात उघड दिसतं. बाप गेला की बहिणी नोटरीपुढे किंवा कोर्टात जाऊन सांगतात की आम्हाला काही नको, भावाला द्या. आपल्या भाषेत हक्कसोडपत्र, आणि ते कसं होतं हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. माहेरचं दार उघडं राहावं, भावजयीने तोंड फिरवू नये, पोरांना मामा राहावा. जी मागते ती लोभी, जी सोडते ती चांगली बहीण. काही घरांत तर विचारायचीही तसदी घेत नाहीत, वारसांची नावं लिहून देताना बहिणींची नावंच गाळतात आणि तिला वर्षांनी कळतं की कागदावर आपण जन्मलोच नव्हतो. मग कोर्टात जायला वकिलाचे पैसे, तारखा, आणि समोर सख्खा भाऊ.

जमिनीच्या नोंदीचं मात्र थोडं हललंय. २०१६ मध्ये कोसोवो सरकारने नवरा-बायको दोघांच्या नावाने घर किंवा जमीन नोंदवायला विशेष नियम काढले, जोडीने नोंद केली तर फी माफ केली. माहेरच्या वाट्यापेक्षा हे सोपं पडतं, कारण यात भावाकडून काही घ्यायचं नसतं, नवऱ्याने सोबत ऑफिसात यायचं आणि सही करायची. नवरा तयार असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.